सुटकेची वाट ही बोगद्याची चैन नव्हे

लांब बोगद्यांचा विषय निघाला की एक युक्तिवाद ठरलेला असतो. बोगद्यात मोठी आग लागण्याची शक्यता अगदी कमी. लागलीच, तर कॅमेरे ती टिपतील, पंखे धूर एका बाजूला ढकलतील, पाण्याचे फवारे ज्वाळा दाबून धरतील आणि उरलेलं काम अग्निशमन दल करील. मग माणसांना पायी बाहेर काढणाऱ्या मार्गावर एवढा पैसा, वेळ आणि जागा कशाला घालवायची? नियमात लिहिलेत तेवढे दरवाजे काढावेत, हिरवे फलक लावावेत आणि पुढच्या कामाला लागावं.

हा युक्तिवाद जाणती माणसं करतात, आणि त्याचा एकेक तुकडा सुटा घेतला तर त्यात तथ्यही असतं. पण ते तुकडे जोडून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. या चुकीची किंमत युरोपातल्या प्रवाशांनी जिवाने मोजली आहे. आपल्याकडे ती मोजावी लागू नये, म्हणून हा वाद आत्ताच घालायला हवा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. कसारा घाट टाळणारा सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा त्याच टप्प्यात आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाच्या 'मिसिंग लिंक'मध्ये सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा आहे. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून दहा किलोमीटरहून अधिक जायचा आहे. गोरेगाव-मुलुंड आणि ऑरेंज गेट-मरीन ड्राइव्ह हे बोगदेही त्याच रांगेत आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी लांब बोगदा म्हटलं की आपल्याला कोकण रेल्वेचा करबुडे आठवायचा. आता तसलं अंतर आपण मोटारीतून, एसटीतून, ट्रकच्या मागेपुढे रोज कापणार आहोत.

माझं म्हणणं सरळ आहे. लांब बोगद्यात आग लागली, तर माणसाला वाचवतो तो तो स्वतः. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, स्वतःच्या पायांनी. बाकीच्या साऱ्या यंत्रणांचं काम त्याला तेवढा वेळ मिळवून देणं आणि दार दाखवणं एवढंच आहे. म्हणून सुटकेचा मार्ग आधी आखला पाहिजे आणि पंखे, फवारे, कॅमेरे त्याच्याभोवती बसवले पाहिजेत. आपल्याकडे हा क्रम उलटा होतो.

पहिला मुद्दा शक्यतेचा. बोगद्यात दर किलोमीटरमागे अपघात उघड्या रस्त्यापेक्षा कमी होतात, हे मान्य. आत पाऊस नाही, चौक नाहीत, वळणं थोडी, मध्येच गुरं येत नाहीत. पण अपघात किती वेळा होतो आणि झाल्यावर किती जणांना गाठतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उघड्या रस्त्यावर गाडी पेटली तर धूर आकाशात जातो आणि मागची वाहनं शंभर पावलांवर थांबून पाहू शकतात. बोगद्यात धुराला वर जायला जागा नसते. तो छताला लागतो, छताखालून पसरतो, थंड होतो आणि खाली उतरतो. आगीपासून पाचशे मीटरवर उभ्या असलेल्या, अपघाताशी काही संबंध नसलेल्या कुटुंबाला तो गाठतो.

आणि या बोगद्यांमधून जाणार आहे ती कुठली वाहतूक? नाशिकमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्रकला धडकून पेटलेल्या खासगी बसमध्ये प्रवासी होरपळून गेले. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्याआधीच्या तीन आठवड्यांतच लोणावळा-खंडाळ्याजवळ द्रुतगती महामार्गावर टँकर पेटला. हे सारं उघड्या आभाळाखाली झालं. याच बस, हेच ट्रक, रात्रभर जागून गाडी हाकणारे हेच चालक उद्या आठ-आठ, दहा-दहा किलोमीटर छताखालून जाणार आहेत. अशा राज्याने बोगद्यातली आग ही दूरची शक्यता मानून चालणं परवडणारं नाही.

यावर उत्तर येतं की ज्वालाग्राही मालाला बंदी घालू. बंदी अवश्य घाला. पण २४ मार्च १९९९ रोजी फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात ज्या ट्रकमुळे ३९ माणसं मेली, त्यात पेट्रोल नव्हतं, रसायनं नव्हती. त्यात मार्गरीन आणि पीठ होतं. कुठल्याही देशाच्या धोकादायक मालाच्या यादीत न बसणारा हा माल ५३ तास जळत राहिला. पुढे २००३ मध्ये नॉर्वेच्या रुनेहामार या जुन्या बोगद्यात शास्त्रज्ञांनी मुद्दाम ट्रकभर साधा माल पेटवून मोजमाप केलं. लाकडी पॅलेट, प्लॅस्टिक, फर्निचर असा तो माल होता. त्यातल्या सर्वांत मोठ्या आगीची ताकद २०० मेगावॉटपर्यंत गेली. एक मोटार पेटली तर पाच मेगावॉटच्या आसपास उष्णता निघते, हे लक्षात घेतलं म्हणजे फरक कळतो. या चाचण्यांमधून दिसलेली आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची: आगीला शिखर गाठायला तास लागत नाही, दहा-वीस मिनिटं पुरतात. भिवंडीच्या गोदामांतून निघणारा कुठलाही ट्रक असाच साधा माल घेऊन निघतो. त्याला बंदी घालता येणार नाही. म्हणून बंदी हे सुटकेच्या मार्गाला पर्यायी उत्तर होऊ शकत नाही.

दुसरा मुद्दा पंख्यांचा. जुळ्या बोगद्यात प्रत्येक नळीतून वाहतूक एकाच दिशेने जाते. छताला लावलेले जेट फॅन वाहतुकीच्याच दिशेने हवा ढकलतात. आग लागली की धूर पुढे जातो आणि आगीच्या मागे अडकलेल्यांना स्वच्छ हवा मिळते. पुढची वाहनं तोवर निघून गेलेली असतात, म्हणून धूर रिकाम्या नळीतून बाहेर पडतो. हे तत्त्व शास्त्रशुद्ध आहे आणि त्याने अनेक जीव वाचले आहेत. मात्र ते एका अटीवर उभं आहे: आगीच्या पुढची वाहनं खरोखर निघून गेली पाहिजेत.

ही अट आपल्या शहरात किती वेळ पाळली जाईल? ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, बोरिवलीच्या पश्चिम द्रुतगती मार्गावर, मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी सातला काय स्थिती असते, हे मुंबईकराला सांगायला नको. बोगद्याचं तोंड कोंडलेल्या रस्त्यावर उघडत असेल तर कोंडी बोगद्याच्या आत शिरते. मग आगीच्या मागेही वाहनं आणि पुढेही वाहनं. मोठ्या आगीचा धूर मागे फिरू नये म्हणून हवेचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास ठेवावा लागतो. म्हणजे धूर मिनिटाला १८० मीटर पुढे सरकतो. धडधाकट माणूस मोकळ्या जागेत भराभर चालला तरी मिनिटाला नव्वद मीटर जातो. धुराच्या पुढे पळून कुणी सुटू शकत नाही. तो फक्त बाजूला, दारातून, दुसऱ्या हवेत शिरून सुटू शकतो. पंखे जेवढे प्रभावी, तेवढी पुढे अडकलेल्यांना दाराची गरज अधिक. पंखे आहेत म्हणून दारं कमी चालतील, हे म्हणणं म्हणूनच उलटं आहे.

पाण्याच्या फवाऱ्यांचंही तसंच. समृद्धीच्या बोगद्यात सूक्ष्म फवाऱ्यांची यंत्रणा बसवली आहे, हे चांगलं झालं. मेलबर्नच्या बर्नली बोगद्यात २००७ मध्ये ट्रक आणि मोटारी धडकून आग लागली, तेव्हा तिथल्या फवाऱ्यांनी ती वाढू दिली नाही. धडकेत तिघे गेले, पण मागे अडकलेले शेकडो लोक सुखरूप निघाले. या उदाहरणाचा आधार घेऊन फवारे पुरेत असं सांगितलं जातं. सांगणारे अर्धीच गोष्ट सांगतात. ते शेकडो लोक गाड्या सोडून पायी बाहेर पडले. फवाऱ्यांनी वेळ दिला आणि वाटांनी माणसं बाहेर काढली. वाटा नसत्या तर मिळालेला वेळ वाया गेला असता.

तिसरा मुद्दा अग्निशमन दलाचा. या दलाच्या जवानांविषयी मला नितांत आदर आहे आणि म्हणूनच त्यांच्यावर अशक्य काम ढकललेलं मला पाहवत नाही. माँ ब्लाँमध्ये ट्रक फ्रान्सच्या बाजूने आत शिरला होता आणि ११.६ किलोमीटरच्या बोगद्याच्या जवळजवळ मध्यावर, सहा-साडेसहा किलोमीटरवर थांबला. दल वेळेवर निघालं, आतही शिरलं. पण वारा इटलीच्या बाजूने वाहत होता आणि धूर फ्रान्सच्या बाजूला भरत होता. त्या काळ्या धुरात गाड्यांची इंजिनं बंद पडली. जवानांनी निवाऱ्याच्या खोल्यांमध्ये आसरा घेतला आणि काही तासांनी रस्त्याखालच्या हवेच्या बोगदीतून त्यांनाच बाहेर काढावं लागलं. त्यांचा एक अधिकारी वाचला नाही. वाचवायला गेलेल्यांनाच वाचवायची वेळ आली, ही त्या दिवसाची सर्वांत कडू शिकवण आहे. दल येईपर्यंत थांबा, हा सल्ला उघड्या रस्त्यावर ठीक. लांब बोगद्यात त्या सल्ल्याने माणूस मरतो.

नॉर्वेने हेच वेगळ्या वाटेने अनुभवलं. गुडवांगा हा ११.४ किलोमीटरचा एकेरी नळीचा बोगदा. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यात ट्रक पेटला. आगीच्या वेळी हवा कुठल्या दिशेला ढकलायची हे आधीच ठरलेलं होतं, दलाला आगीपर्यंत पोहोचता यावं असा त्यामागचा विचार होता. त्याप्रमाणे पंखे चालले आणि बोगद्याचा मोठा भाग धुराने भरला. साठाहून अधिक माणसं त्यात अडकली. कुणी मेलं नाही, पण अनेकांना धुराची गंभीर बाधा झाली. नॉर्वेत प्रवाशाने स्वतःच बाहेर पडायचं असं धोरण आहे. तिथल्या अपघात तपास मंडळाने त्यावरच बोट ठेवलं: स्वतःच सुटा असं सांगायचं आणि सुटण्याची सोय करायची नाही, हे चालणार नाही. दोनच वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच बोगद्यात बस पेटली. पंख्यांची दिशा दलासाठी ठरवायची की अडकलेल्यांसाठी, हा प्रश्न आपल्या बोगद्यांच्या नियंत्रण कक्षांनी आजच सोडवून ठेवायला हवा.

चौथा मुद्दा निवाऱ्याचा. वेगळी वाट काढणं महाग पडतं, तेव्हा बोगद्याच्या भिंतीत बंद खोल्या कराव्यात, त्यात ताजी हवा सोडावी आणि मदत येईपर्यंत लोकांनी तिथे थांबावं, अशी ही कल्पना. माँ ब्लाँमध्ये अशा खोल्या होत्या. त्या काही तासांच्या आगीसाठी बांधल्या होत्या. आग दोन दिवसांहून अधिक चालली. वीस क्रमांकाच्या खोलीत आसरा घेतलेले दोघे तिथेच गेले. त्या खोलीला बाहेर जाणारं दुसरं दार नव्हतं. तीच खोली मागच्या बाजूने एखाद्या सुरक्षित मार्गाला जोडलेली असती तर ती विश्रांतीची जागा ठरली असती. दुसऱ्या दाराअभावी ती सापळा ठरली. युरोपीय संघाने यावरून घेतलेला धडा २९ एप्रिल २००४ च्या बोगदा सुरक्षा निर्देशात निःसंदिग्ध शब्दांत उतरला आहे: उघड्यावर नेणाऱ्या मार्गाला न जोडलेला निवारा यापुढे बांधायचा नाही. तीन वर्षांच्या दुरुस्तीनंतर २००२ मध्ये माँ ब्लाँ पुन्हा उघडला, तेव्हा त्याचे निवारे रस्त्याखालच्या सुटकेच्या मार्गाला जोडलेले होते. आधी जे खर्चिक म्हणून टाळलं होतं, ते माणसं गेल्यावर करावं लागलं.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो, कारण तो टाळून हा वाद जिंकता येणार नाही. माँ ब्लाँच्या चौकशीत दिसलं की मेलेल्यांपैकी बहुतेक जण आपल्या गाडीतच सापडले. ते बाहेर पडलेच नाहीत. मग वेगळा मार्ग असून काय उपयोग झाला असता? लोक गाडी सोडत नाहीत, किल्ली सोडत नाहीत, सामान सोडत नाहीत. धूर दिसला तर काचा वर करतात. माणसाचा स्वभावच असा असेल तर त्याच्यासाठी कोट्यवधींचा मार्ग कशाला?

यातलं निरीक्षण खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. माणूस गाडीत बसून राहतो, कारण गाडी ही त्याला ठाऊक असलेली एकच सुरक्षित जागा असते आणि बाहेर काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ज्या बोगद्यात त्याने कधी दार पाहिलं नाही, दारापलीकडे काय आहे हे ऐकलं नाही, तिथे अंधारात आणि धुरात तो दार शोधायला उतरेल ही अपेक्षाच अवाजवी आहे. माँ ब्लाँनंतर अडीच वर्षांनी, २४ ऑक्टोबर २००१ रोजी, स्वित्झर्लंडच्या गोटहार्ड बोगद्यात दोन ट्रक समोरासमोर धडकले. हा बोगदा १६.९ किलोमीटरचा, म्हणजे माँ ब्लाँपेक्षा लांब, आणि एकाच नळीतून दोन्ही दिशांची वाहतूक. आगही भीषण होती. पण १९८० मध्ये तो खुला झाला तेव्हापासून त्याच्या शेजारून सुरक्षेची समांतर नळी जाते आणि दर २५० मीटरवर निवारा तिला जोडलेला आहे. त्या दिवशी अकरा जण गेले, तेही बहुतेक धुराने, आणि ते दुःख लहान नाही. पण अनेक जण त्या दारांतून समांतर नळीत शिरले आणि चालत बाहेर आले. दोन आगी सारख्या नसतात, हे मला कळतं, म्हणून आकड्यांची थेट तुलना मी करत नाही. एवढं मात्र निश्चित म्हणता येतं: दार असेल, ते जवळ असेल आणि ते कुठे नेतं हे कळत असेल, तर लोक गाडी सोडतात.

म्हणून लोक बाहेर पडत नाहीत, यावरून मार्ग नको असा निष्कर्ष निघत नाही. मार्गाचं नियोजन दारापाशी संपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गाडीतल्या रेडिओवर आणि बोगद्यातल्या ध्वनिक्षेपकावर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, पहिल्या दोन-तीन मिनिटांत, स्पष्ट सूचना गेली पाहिजे: गाडी सोडा, किल्ली आतच ठेवा, हिरव्या दाराकडे चला. ध्वनिक्षेपक पंख्यांच्या आवाजात ऐकू येतो का, हे पंखे पूर्ण वेगाने चालवून तपासलं पाहिजे. फलक छताजवळ लावून भागत नाही, कारण धूर आधी तिथेच जमतो. युरोपीय निर्देशाने वाट दाखवणारे दिवे दीड मीटरपेक्षा उंच नसावेत आणि दिशादर्शक खुणा दर २५ मीटरवर असाव्यात असं म्हटलं आहे, ते याच कारणाने. वाकून, भिंतीला हात लावून चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती खूण यायला हवी.

'जुळा बोगदा आहे ना, मग दुसरी नळी हीच सुटकेची वाट,' असं म्हणून विषय मिटवला जातो. दुसरी नळी ही फार मोठी सोय आहे, यात शंका नाही. जम्मू-काश्मीरमधल्या बनिहाल-काझीगुंड बोगद्यात आणि आपल्याकडच्या नव्या जुळ्या बोगद्यांत दोन नळ्यांना जोडणारे क्रॉस पॅसेज आहेत. ठाणे-बोरिवलीत ते दर ३०० मीटरवर असतील असं जाहीर झालं आहे. पण दुसऱ्या नळीतून ताशी ऐंशीच्या वेगाने गाड्या धावत असतील तर दार उघडून तिथे पाऊल टाकणारा माणूस आगीतून निघून चाकांखाली जाईल. म्हणजे पहिल्या नळीत आग कळताच दुसरी नळी दोन्ही तोंडांना बंद झाली पाहिजे आणि आतल्या गाड्या निघून गेल्या पाहिजेत. हे किती मिनिटांत होतं? क्रॉस पॅसेजमध्ये हवेचा दाब धूर आत येऊ न देण्याइतका आणि तरी दहा वर्षांच्या मुलीला दार ढकलता येईल इतका आहे का? उंबरठा आहे की सपाट? व्हीलचेअर जाते का? साठ जणांची बस रिकामी झाली तर ते त्या चिंचोळ्या जागेत किती वेळ कोंडतील? हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. सुटकेचा मार्ग यांच्या उत्तरांवरच चालतो किंवा अडतो.

अंतराचा हिशेबही इथेच करू. दर ३०० मीटरवर दार असेल आणि एक दार आगीने अडवलं असेल, तर माणसाला वाईटात वाईट तीनशे मीटर चालावं लागतं. स्वच्छ हवेत, सेकंदाला एक मीटरने, पाच मिनिटं. धुरात दिसेनासं झालं की वेग निम्म्यावर येतो, मग दहा मिनिटं. हेच अंतर पाचशे मीटर धरलं तर धुरात सोळा-सतरा मिनिटं. ट्रकच्या आगीला शिखर गाठायला दहा-वीस मिनिटं लागतात, हे वर आलंच आहे. आजी-आजोबा, कडेवर मूल घेतलेली आई, दम्याचा रुग्ण, गुडघे दुखणारी मावशी यांचा वेग सेकंदाला एक मीटर नसतो. तेव्हा दोन दारांमधलं अंतर हा खर्चाच्या तक्त्यात हलवायचा आकडा नाही. सर्वांत हळू चालणाऱ्या प्रवाशावरून तो ठरला पाहिजे. अमेरिकी एनएफपीए ५०२ हे मानक बाहेर पडण्याच्या दारांसाठी ३०० मीटर आणि क्रॉस पॅसेजसाठी २०० मीटर ही कमाल मर्यादा सांगतं, यामागेही हाच विचार आहे.

शेवटचा मुद्दा पैशाचा. सुटकेचा वेगळा मार्ग महाग असतो, हे खोटं नाही. पण आपल्याच देशाने तो परवडतो हे दाखवलं आहे. २०१७ मध्ये खुल्या झालेल्या चेनानी-नाशरी बोगद्याला, ज्याचं नाव आता श्यामाप्रसाद मुखर्जी यांच्यावरून आहे, शेजारून समांतर सुटकेचा बोगदा आहे आणि दोघांना जोडणारे २९ क्रॉस पॅसेज आहेत. २०२० मध्ये खुल्या झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यात समांतर नळी खणण्याऐवजी रस्त्याच्याच खाली, त्याच पोकळीत, आगीपासून सुरक्षित असा मार्ग बसवला आणि त्यात उतरायला दर ५०० मीटरवर दारं दिली. रोहतांगच्या पहाडात तीन हजार मीटरच्या उंचीवर हे होऊ शकतं, तर सह्याद्रीत होऊ शकत नाही हे म्हणायला आधार नाही. आणि असा मार्ग म्हणजे नुसता खर्च असतो हेही खरं नाही. फ्रान्स-इटलीमधल्या फ्रेजुस बोगद्याशेजारी सुरक्षेसाठी खणायला घेतलेली नळी पुढे वाहतुकीची दुसरी नळी झाली. दुसऱ्या बाजूला, मार्ग नसल्यामुळे माँ ब्लाँ तीन वर्षं बंद राहिला. आल्प्समधली मालवाहतूक विस्कटली आणि बोगदा चालवणाऱ्यांपैकी अनेकांना २००५ मध्ये फ्रेंच न्यायालयाने दोषी ठरवलं. वाचवलेला पैसा शेवटी वाचला नाही.

खर्चकपातीत सुटकेचा मार्ग सर्वांत आधी का कापला जातो, हेही स्पष्ट सांगायला हवं. त्याचं लोकार्पण होत नाही. तो नीट बांधला असेल तर वर्षानुवर्षं कुणी त्याकडे पाहतही नाही. आणि त्याचा उपयोग ज्या दिवशी होतो, त्या दिवशी त्याला मंजुरी देणारे अधिकारी बदललेले असतात. उत्तराखंडातल्या सिलक्यारा-बारकोट बोगद्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली, ती सुटकेच्या मार्गासह. १२ नोव्हेंबर २०२३ ला तो बांधकामातच कोसळला, तेव्हा ४१ कामगार आत अडकले आणि तिथे सुटकेचा मार्ग प्रत्यक्षात नव्हता. सतरा दिवसांनी त्यांना काढलं. तो अपघात बांधकामातला आणि आगीशी संबंध नसलेला होता, हे मान्य. तरीही त्यातून आपली सवय दिसते: सुटकेची वाट मंजुरीच्या कागदावर पहिल्या ओळीत आणि जमिनीत सर्वांत शेवटी.

यावर उपाय अस्पष्ट नाहीत. भारतात रस्ते बोगद्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका आहे, पण मार्गदर्शिका आणि बंधनकारक नियम यांत फरक असतो. युरोपीय निर्देश सदस्य देशांवर बंधनकारक आहे: ५०० मीटरपेक्षा लांब बोगद्यांची नियमित तपासणी, तपासणारी यंत्रणा बोगदा चालवणाऱ्यापासून वेगळी, आणि जबाबदारी नाव घेऊन सोपवलेला सुरक्षा अधिकारी. महाराष्ट्राने केंद्राची वाट पाहू नये. राज्यात एक किलोमीटरपेक्षा लांब प्रत्येक रस्ते बोगद्यासाठी सुटकेची योजना निविदेच्या आधी तयार व्हावी आणि ती लोकांना वाचायला मिळावी. निविदेनंतर दारांची संख्या किंवा रुंदी कमी करायची असेल तर त्याचं कारण लेखी आणि जाहीर असावं. बोगदा खुला करण्यापूर्वी खऱ्या बस, खरे प्रवासी आणि कृत्रिम धूर घेऊन सराव व्हावा, तोही एकदा गर्दीच्या वेळेचं गणित धरून आणि एकदा रात्री, जेव्हा स्लीपर बसमधले लोक झोपेत असतात. पहिली सूचना किती सेकंदांत गेली, दुसरी नळी किती मिनिटांत बंद झाली, शेवटचा माणूस केव्हा बाहेर पडला, हे तीन आकडे मोजून जाहीर करावेत. दरवर्षी हा सराव पुन्हा व्हावा आणि त्यात अग्निशमन दल, महामार्ग पोलीस आणि १०८ रुग्णवाहिका सेवा एकत्र असाव्यात. आणि बोगद्याच्या तोंडाशी कोंडी झाली तर आतली वाहनं थांबून राहणार नाहीत, इतक्या आधी बाहेरच्या बाजूला वाहतूक अडवण्याचा अधिकार नियंत्रण कक्षाला असावा.

या मागण्यांमध्ये एकही अशी नाही जी जगात कुठेतरी आधी अमलात आलेली नाही. नव्या शोधाची गरज नाही. आपले अभियंते सह्याद्री पोखरून आठ-नऊ किलोमीटरचे बोगदे काढू शकतात, त्यांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. त्यांना काम देणाऱ्यांनी प्रश्न मात्र बदलायला हवा. बोगदा किती लांब, किती रुंद आणि प्रवास किती मिनिटांनी कमी झाला, हे लोकार्पणाच्या दिवशी सांगितलं जातंच. त्याच दिवशी हेही सांगितलं पाहिजे की बोगद्याच्या मध्यावर आग लागली, तर तिथल्या बसमधली सत्तर वर्षांची बाई किती मिनिटांत, कुठल्या दाराने, कुणाच्याही मदतीविना उघड्या हवेत पोहोचते. ज्या बोगद्याकडे या प्रश्नाचं मोजलेलं उत्तर नाही, तो वाहतुकीला खुला करू नये.